मला न कळलेला नवस

त्या दिशी पाटाच्या काठावर कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नगं की म्हातारीनं मनानं रचलं. मी हुते. माजी सून सुनंदा हुती. शेजारची हमीदाबी हुती, जिच्या घरामागं बांधावर पीर हाय आन गुरवारी त्याचा दिवा तीच लावती. मार्थाबाई हुत्या, मिशनच्या दवाखान्यात आया म्हनून सगळा जलम काढलेल्या. माजा लेक बाळू मागनं आला. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम हुता. आन येक ती हुती, टोळीतली बंजाऱ्याची बाई. तिचं नाव मला ठावं न्हाई, आन हे सगळं मी त्याच्याचपायी लिवतीया. मालक हुते म्हनावं का न्हवते म्हनावं? सगळी त्यांनाच हुडकत हुती. मालकाचं नाव मी हितं लिवनार न्हाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. मी जलमात येकदाच घेतलं, ते फुडं येईल.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या अंगाला, कारखान्याच्या पट्ट्यात. मी लगीन होऊन आले तवा हितं उसाचं कांडं न्हवतं. सगळी जवारी. पाऊस झाला तर झाला, न्हाईतर सडका गहू खाऊन दिस काढल्यात. मंग पाट आला, पाटामागनं ऊस आला, आन उसामागनं मान्सं आली. आता आमच्या येका गल्लीत उभं ऱ्हायलं तर चार बोल्या कानावर पडत्यात. हमीदाबी घरात तिची मुसलमानी बोलती, आमच्याशी आमची. दुकानदार मारवाडी बायकूशी येगळं बोलतो, गिऱ्हाइकाशी येगळं. मार्थाबाईंचं मराठी पुस्तकातल्यावानी, "आहे" आन "नाही". थंडीत टोळ्या येत्यात. कुनी बीडकडची, तिचं आमचं बोलनं येकच पर हेल दुसरा. कुनी धुळ्याकडले भिल्ल. कुनी पार कर्नाटकाच्या हद्दीकडले बंजारे, त्यांचं तर अक्षार कळत न्हाई. पहाटं बांग हुती, मंग मारुतीच्या देवळात भजन लागतं, आईतवारी मिशनच्या देवळाची घंटा. मला ह्या कशाचं कवा नवल वाटलं न्हाई. मान्सं हाईत, त्यांचे त्यांचे देव हाईत, आसं म्हनून मी माज्या चुलीपशी बसलेली.

मालकाला दोन वर्सं झाली हुती इसरायला लागून. पैल्यांदा बैलांची नावं इसरले. बैल तर कवाच इकून टाकल्यात, म्हनून आमी कुनी मनावर घेतलं न्हाई. मंग शेताची वाट इसरले. मंग लेकाला "पावनं, बसा की" म्हनाया लागले. येक दिस मी भाकरी वाढली तर ताटाकडं बघून मला म्हनले, "बाई, तुमी कुनाच्या? लई चांगल्या भाकरी करता." मी म्हनलं, "तुमच्याच." तर लाजले. नगरला मोठ्या डाक्टरला दाखवलं. डाक्टर म्हनला, मेंदू सुकत चाललाय, ह्याला जपायचं, दुसरा इलाज न्हाई. मी जपत हुते. लेकराला जपावं तसं. पर मनात देवाचा राग बसला हुता. पन्नास वर्सं सकाळच्या पारी दिवा लावला, उपास केले, कुनाचं वाईट चिंतलं न्हाई. मंग माज्याच मान्साला माजं त्वांड का इसरवलं? आसं इचारायची आन लगीच कानाला हात लावायची. राग बी आन भ्या बी.

त्या दिशी मार्गसिरातला गुरवार हुता. लक्षुमीचा घट मांडला हुता, पाच फळं, पाच पानं, समदं जिथल्या तिथं. पोथी वाचायची हुती. मी चौथीपतुर शिकले, त्यामुळं अक्षारावर बोट ठिवल्याबिगर मला फुडं जाता येत न्हाई. दुसऱ्या बायकांना अर्धा तास लागतो तिथं मला दोन तास. आन पोथी मधीच सोडून उठायचं न्हाई, ही माज्या सासूची शिकवन. उठलं की घरातलं सुख उठून जातं, आसं ती सांगायची.

मी निम्म्यावर आले आसंल, तवर मालक दाराशी आले. डोक्याला टोपी, हातात काठी. म्हनले, "आगं, पाखरं बसल्यात. मी जातो."

मी बोट हालू दिलं न्हाई. डावा हात वर केला आन बसा बसा म्हनून खुनावलं. मला वाटलं बसले. मी वाचत ऱ्हायले. ते दोन तास मी आजबी मनात उलटंपालटं करते. पोथीत लक्षुमी म्हातारीचं रूप घिऊन दारात येती, आन घरातली तिला वळखत न्हाईत, आसं वाचत हुते. आन माज्या दारातनं माजं मानूस चाललं हुतं.

आरती झाली, निवद दाखवला, भाईर आले तर बाज रिकामी. सुनंदा गोठ्यात हुती, तिला वाटलं मामंजी माज्यापशी हाईत. मी गल्लीत पळाले. आन पळताना मला पैल्यांदा कळलं की मला हाक मारता येत न्हाई. नाव घ्यायचं न्हाई, मंग वरडू काय? "आवोऽ! आवोऽ!" म्हनत सुटले. सगळे गडी माघारी बघाया लागले. दुधाचा टेम्पोवाला थांबून म्हनला, "काय वो मावशे, मला व्हय?" सुनंदा माज्या मागं रडत रडत हसली आन परत रडली.

अर्ध्या तासात गाव गोळा झालं. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर मालकाचं नाव घिऊन सांगितलं, कुनाला दिसले तर घरी आना. मशिदीच्या भोंग्यावर तेच हमीदाबीच्या मालकानं त्यांच्या बोलीत सांगितलं, वर "सफेद धोतर, हात में काठी" म्हनून वळख दिली. मिशनच्या देवळाची घंटा आईतवार नसताना वाजली, म्हंजी लोकं भाईर येत्याल. सगळ्या गावानं माज्या नवऱ्याचं नाव घेतलं. फकस्त मी सोडून.

मंग कुनीतरी टोपी आनली. पाटाच्या कडंला, बाभळीच्या काटीला आडाकली हुती. पाटाला पानी सुटलेलं, काठोकाठ, लाल, गुमान चाललेलं. टोपी बघितली आन सगळी लोकं पाटाकडं पळाली. सगळ्यांच्या मनात तेच, म्हातारं पान्यात गेलं. गावातले पव्हनारे उतरले. बाळू डेअरीवरनं आला, चपला फेकल्या आन कापडासकट पान्यात. मला हमीदाबीनं आन मार्थाबाईंनी धरून काठावर बसवलं.

मी तिथं बसून नवस बोलले. लक्षुमीला म्हनलं, आई, मी तुजी पोथी सोडली न्हाई, आता तू मला सोडू नगंस, तुजी खना-नारळानं वटी भरीन. मंग खंडोबाला म्हनलं, तळी भरीन. हमीदाबीनं माज्या वतीनं पिराला मलिदा बोलला. मार्थाबाई डोळं मिटून पुटपुटत हुत्या. त्यांचं झाल्यावर म्हनल्या, "मी प्रार्थना केली, बाई. मेणबत्ती लावा म्हणजे झालं."

हमीदाबी म्हनली, "आक्का, रो नको गे. पीर लय जवळचा हाय, त्याला पळत यायला येळ लागत न्हाई."

"जवळचा आहे तर मागच्या साली तुझी शेळी हरवली तेव्हा कुठं होता?" मार्थाबाई म्हनल्या.

"तवा शेळी माज्या मान्सानं इकली हुती, हरवली न्हवती. पीर काय खोटं हुडकनार का?"

तसल्या बी येळंला त्या दोघी आशा बोलल्या. मला बरं वाटलं. रोज आमच्या वट्यावर त्या आशाच भांडत्यात, त्यामुळं मला वाटलं आजचा दिस बी रोजच्यासारखाच आसंल, आन मालक आत्ता कुठनंतरी येतील.

पर येळ जायला लागला. पव्हनारे खालच्या मोरीपतुर जाऊन आले. बाळू भाईर आला आन माज्याकडं बघंना. तवा मला काय झालं ठावं न्हाई. मी उठले. पदर डोक्यावरनं खाली आला हुता, तो नीट घेतला. आन पाटाकडं त्वांड करून मालकाचं नाव घेतलं. पुरं नाव, आडनावासकट, जेवढा गळा हाय तेवढ्यानं. पन्नास वर्सांत पैल्यांदा. उखान्यात बी मी कवा नुसतं नाव घेतलं न्हवतं. सुनंदानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता तर येतीलच. येवढी मोठी गोष्ट केली, आता देवाला बी आईकावं लागंल.

काय आलं न्हाई. पानी चाललं हुतं तसंच.

त्या टायमाला ती आली. कमरंवर पान्याची कळशी, हातभर बांगड्या कोपरापतुर, हनुवटीवर हिरवं गोंदन, तीन टिकल्या. पाटाच्या पल्याड शेजाऱ्याचा लोळलेला ऊस हाय, तिथं त्यांची टोळी लागली हुती. पानी भराया आली आसंल. तिनं कुनाला काय इचारलं न्हाई. माज्याकडं बघितलं, कळशी खाली ठिवली आन माज्या म्होरं उकिडवी बसली. माज्या पदराचं टोक हातात घेतलं. कमरंच्या पिशवीतनं कायतरी काढलं, बारीक, चिमटीत मावंल येवढं, ते पदरात ठिवून गाठ मारली. घट्ट. मंग माज्या डोक्यावर हात ठिवून तिच्या बोलीत बोलत ऱ्हायली. लई येळ. मधी मधी "याडी, याडी" म्हनत हुती. मागनं मला कुनी सांगितलं याडी म्हंजी आई. आता ती मला आई म्हनत हुती का तिच्या देवीला, ते मला ठावं न्हाई. तिचे डोळे मिटलेले हुते आन हाताला उसाच्या पाल्यानं चिरा पडल्या हुत्या.

पल्याडनं मुकादम वरडला, तशी ती उठली, कळशी घेतली आन गेली. हमीदाबी म्हनली, "दुवा दिली तिनं." मार्थाबाई म्हनल्या, "गाठ मारली म्हणजे नवस बोलली ती, तुमच्या नावानं." मी गाठ मुठीत धरून बसले.

आता फुडचं सांगते. त्यो लोळलेला ऊस वाऱ्यानं आडवा पडला हुता, आत शिरायला जागा न्हाई, इचूकाट्याचं भ्या, वाघराचं भ्या. तसला ऊस तोडकरी आदी पेटवून देत्यात, पाला जळतो, ऊस ऱ्हातो, मंग तोडायला सोपं जातं. मुकादमानं ठरवलं हुतं, ऊन उतरायच्या आत पेटवायचा. आमी सगळी पाटात हुडकत हुतो. पाटापल्याड उसात कुनी बघितलंच न्हाई, कारन टोपी पाटावर घावली हुती. टोपी आसती तिथं डोकं आसतंय, आसं आमी धरून चाललो.

पर त्या बाईची येक सवय, मला मागनं कळलेली. पेटवायच्या आदी ती उसाच्या कडंनं चालायची, हातात जरमनची थाळी, ती उलथन्यानं बडवायची आन लांबड्या आवाजात आरोळी द्यायची. आत ससा आसंल, मुंगूस आसंल, तितराची पिलं आसतील, त्यांनी निघून जावं म्हनून आसंल, आसा माजा आपला आदमास. सगळी टोळी तिला हसायची. त्यात बोल काय न्हवते. नुसता आवाज. खालनं वर चढायचा आन वर गेल्यावर तिथंच ऱ्हायचा. मी पाटाच्या काठावरनं त्यो आईकला. थाळी आईकली, आरोळी आईकली. माजं ध्यान न्हवतं.

आन मंग उसातनं तिला उलट आरोळी आली.

बारीक आली. फाटक्या आवाजात. "होऽऽ हाऽर्र्रऽ!" हमीदाबीला ती आईकू बी आली न्हाई, मला आली. कारन मी ती आरोळी नवी नवरी म्हनून आईकली हुती, डोक्यावर भाकरीची पाटी घिऊन शेताला जाताना. तवा जवारीवर पाखरं बसायची. जो तो आपल्या रानात चार मेढी रवून माळा करायचा, वर बसून गोफनीनं ढेकळं मारायची आन आरोळी द्यायची. आन येक रीत हुती. येका माळ्यावरनं आरोळी आली की शेजारच्या माळ्यावरनं उलट द्यायचीच. हाताचं काम टाकून द्यायची. न्हाई दिली तर समजायचं त्या मान्साला पान लागलं, म्हंजी साप चावला, न्हाईतर पडलाय, न्हाईतर काय झालंय, आन सगळ्यांनी तिकडं पळायचं. उत्तार देनं म्हंजी मी हाय, जित्ता हाय. मालक पंधरा वर्सं त्या माळ्यावर बसले हुते.

पाखरं बसल्यात, मी जातो. सकाळी त्यांनी मला सांगितलं हुतं. गावात जवारीचं कनीस न्हाई तीस वर्सं.

मी कशी पळाले ठावं न्हाई. पाटाच्या फळीवरनं पल्याड गेले, सुनंदा मागं, बाळू मागं. जाऊन बघते तर मुकादमाच्या हातात पाचटाची चूड, पेटलेली, आन त्या बाईनं त्याचं मनगाट दोन्ही हातानी धरलेलं. नुसती धरून हुती. तिनं तिला आलेलं उत्तार आईकलं हुतं. मुकादम तिच्यावर खेकसत हुता, "सोड की! काय झालं? कोल्हं आसंल." मी म्हनलं, "कोल्हं न्हाई. माजा नवरा हाय." चूड त्याच्या हातनं खाली पडली. बाळूनं ती पायानं तुडवली, त्याला चपला न्हवत्या.

उसात शिरले तोडकरी, कोयत्यानं वाट काढत. ती बाई आरोळी द्यायची, आतनं उत्तार यायचं, तिकडं सरकायचं. परत आरोळी, परत उत्तार. आसं करत करत घावले. सरीत बसले हुते, मांडी घालून. म्होरं ढेकळांची रास, येकसारखी निवडून रचलेली, गोफनीत घालायला. धोतर फाटलेलं, पाय रगताळलेलं. आन त्वांड कसं, तर राजी. मी किती दिसांनी त्यांचं त्वांड राजी बघितलं. मला बघून म्हनले, "बाई, पलीकडल्या माळ्यावर कोन हाय? लई येळ झाला, कुनी आवाजच देत न्हवतं."

मी त्यांच्या म्होरच्या ढेकळांकडं बघत बसले. दोन भोंग्यांनी आन घंटेनं बोलावलं, मी नाव घिऊन बोलावलं, ते त्यांच्यापतुर गेलंच न्हाई. नाव कुनाचं हाय ते त्यांना ठावं न्हवतं. आरोळीला उत्तार द्यायचं, येवढं ठावं हुतं.

भाईर आल्यावर मुकादम बांधावर बसला तो उठंना. म्हनला, "आज्जे, मी पेटवनारच हुतो. कालच तिला म्हनलं, तुज्या ह्या थाळीपायी रोज येळ जातो, उद्यापासनं बंद. आज तिनं माजं आईकलं न्हाई." ती का आसं करती ते त्याला बी ठावं न्हवतं. इचारलं तर म्हनला, "तिची बोली मला कामापुरती येती."

आन आता माजी चूक सांगते. मालकांना ट्रॉलीत निजवत हुते, सगळी गडबड, आन ती माज्यापशी आली. माज्या पदराची गाठ हातात धरली आन बोलाया लागली. गाठ दाखवली, मंग मालकांकडं बोट केलं, मंग वर आभाळाकडं, मंग लांब, त्यांच्या मुलखाकडं आसंल, दक्षिनंला. मंग हाताची पाच बोटं दाखवली. माज्याकडं बघत थांबली. कायतरी इचारत हुती म्हना ना. आन मी मान हालवली. व्हय, व्हय, म्हनले. प्रत्येक गोष्टीला व्हय म्हनले. तिनं माज्या मान्साचा जीव मला परत दिला हुता, मी काय न्हाई म्हननार हुते का? तिचं समाधान झालं. माज्या गालाला हात लावला, त्यो हात खरबरीत, आन ती कोयता घिऊन उसात गेली. मी तिचं नाव इचारलं न्हाई. भाकर खाल्ली का तेबी इचारलं न्हाई.

मालकांना नगरला दवाखान्यात ठिवलं. पाय चिघळले हुते. घरी आलो तसं मी पैल्यांदा साडी-खन आन पुरनाची पोळी घिऊन टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, हुत्या तिकडं गेले. तिथं मोकळं रान. चुलीची तीन दगडं, पाचटाचा ढीग, येक तुटलेली बांगडी. टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली म्हनले. बाळूनं मुकादमाचा नंबर हुडकला, त्यो बंद. दुसऱ्या साली त्या रानात बीडची टोळी आली. त्यांना इचारलं, त्यांना काय ठावं न्हाई.

बाकीचे नवस मी फेडले. वटी भरली. तळी भरली. पिराला मलिदा केला, हमीदाबीनं गूळ कमी म्हनून नाक मुरडलं. मिशनच्या देवळात मेनबत्ती लावली, मार्थाबाईंनी माजा हात धरून पायऱ्या चढवल्या. हमीदाबीचं म्हननं, "दिस गुरवारचा, पीर गुरवारचा, आईकलं त्यानंच." लक्षुमीचा बी गुरवारच की. मार्थाबाई म्हनतात, "अगं बायांनो, उपकाराचे काय कांद्यासारखे वाटे घालता?" पर माजा जीव त्यातच आडकलाय. कुनी आईकलं? पोथीत बोट ठिवून मी बसले नसते तर मालक गेले नसते. मंग देवीनं घालवले का? आन घालवले तर तिनंच त्या बाईला पानी भराया धाडलं का? टोपी पाटावर कुनी आडकवली? मुकादम आदल्या दिशी थाळी बंद कर म्हनला, आन तिनं नेमकं त्या दिशी आईकलं न्हाई. ह्यातलं कुनी काय केलं, मला उलगडत न्हाई. डोकं फिरतं. मी लई शिकलेली न्हाई, पर शिकलेल्यांना इचारलं तर त्यांना बी सांगता येत न्हाई, ते फकस्त मोठ्यानं बोलत्यात.

आन ही गाठ. त्या लुगड्याची गाठ मी सोडली न्हाई. गाठीसकटच धुते, वाळत घालते, घडी करते. आत बारीक कायतरी हाताला लागतं, खडा का दाना का मनी. पाच म्हंजी पाच काय, त्याच्यावर गल्लीत लई डोकी चालली. हमीदाबी म्हनती पाच बोकडं. सुनंदा म्हनती पाच नारळ. मार्थाबाई म्हनतात, "काही नसेल हो, पाच लेकरं आहेत म्हणत असेल ती." मला कवा वाटतं पाच वर्सं, मालकाला पाच वर्सं मागून घेतली तिनं. त्यातली तीन झाली. येक भजनीबुवा म्हनले, "अजानतेपनी बांधलेली गाठ, तिला काय अर्थ? सोडून टाका." मी म्हनलं, "बुवा, तुमी बांधली का?" ते चिपळ्या काखंला मारून निघाले. मी व्हय म्हनले हाय. कळून म्हनले का न कळता म्हनले, व्हय ते व्हय. कुनाच्या देवापशी माजा शब्द पडून हाय, आन त्यो देव कंचा, त्याला काय पायजे, मला ठावं न्हाई. पैल्यांदा ह्याचं लई भ्या वाटायचं. आता येगळंच वाटतं. आजवर मी जे नवस बोलले, ते मोजून मापून बोलले, येवढं दिलंस तर येवढं देईन. हा येकच आसा की मी नुसती मान हालवली. कदाचित देवापशी आसंच जायचं आसतंय. पर मान हालवली म्हनून सुटका न्हाई. फेडायचं तर हायच.

मालक आता बाजंवरनं उठत न्हाईत. मला वळखत न्हाईत. दुपारच्याला, गल्ली सामसूम झाली की डोळं उघडत्यात आन आरोळी देत्यात, "होऽऽ हाऽर्र्रऽ!" बारीक. पैल्यांदा मी येकटीच उत्तार द्यायची. येक दिस मी न्हानीत हुते, मला यायला उशीर झाला, तर हमीदाबीनं तिच्या आंगनातनं दिलं. दुसऱ्या दिशी मार्थाबाईंनी त्यांच्या खिडकीतनं दिलं, त्यांचा आवाज घशातच आडकतो, पर दिलं. आता मारवाड्याची बायकू बी देती. नवा पावना आला की दचकतो. मालक आमचं सगळ्यांचं आईकून घेत्यात, येक येक माळा मोजल्यावानी, आन मंग निवांत निजत्यात. त्या येळंला मला कुनी इचारलं, देव हाय का, तर मी व्हय म्हनंन. कंचा ते इचारू नगा.

ह्या थंडीत त्यांनी जेवान कमी केलंय. म्हनून घाई करतीया. मालक हाईत तवर मला ती गाठ रीतीनं सुटायला पायजे.

म्हनून वाचनाऱ्याला येवढंच सांगनं हाय. तुमच्या रानात ऊसतोडीची टोळी आली, आन तिच्यात हनुवटीवर हिरव्या तीन टिकल्या गोंदलेली बंजाऱ्याची बाई आसली, जी ऊस पेटवायच्या आदी थाळी वाजवून आरोळी देती, तर तिची बोली येनारं कुनीतरी संगं घिऊन तिच्यापशी जावा. श्रीगोंद्याकडच्या म्हातारीनं इचारलंय म्हनावं, पाच म्हंजी काय, आन ते कुनाला द्यायचं. जे आसंल ते मी देईन. जिथनं हा कागद तुमच्या हाती आला तिथं निरोप ठिवला तरी मला पोचंल. पर हे मागनं इचारा. आदी तिला पानी द्या, भाकर द्या, आन तिचं नाव इचारा. माजं ते ऱ्हायलं.